जन्मतः वाकडा कणा, आणि ग्रहणाचं खापर

"ग्रहणात विळीवर बसली होतीस का गं?" लेकीच्या पाठीत वाक दिसला तेव्हा मला पहिला प्रश्न हा आला, आणि तो घरातूनच आला. म्हणून हे लिहितेय, कारण कितीतरी आयांना अजूनही हेच ऐकावं लागतं.

एक्सरेमध्ये सगळे मणके नीट रांगेत आणि मधला एक अर्धाच, अडकित्त्याने तिरका कातरलेल्या सुपारीसारखा. याला हेमिव्हर्टिब्रा म्हणतात. मणक्यांचा आराखडा गरोदरपणाच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांतच ठरतो, तेव्हा तर कित्येकींना दिवस गेलेत हेही नीट कळलेलं नसतं. हृदय आणि किडन्याही त्याच सुमारास घडत असतात, म्हणून अशा मुलांची टूडी इको आणि किडनीची सोनोग्राफी करून घेतात, ती टाळू नका प्लीज.

कणा बाजूला वाकणं म्हणजे स्कोलिओसिस, हे नाव दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्यापासूनचं. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रुआझ पारे हा सर्जन चिलखतं बनवणाऱ्यांकडून लोखंडी कॉर्सेट करून घ्यायचा, लहान पोरांना ते कसं सोसलं असेल देव जाणे. पण आत काय आहे ते दिसतच नव्हतं, एक्सरे आला १८९५ ला, तोवर टीबीचं कुबड, स्नायू लुळे पडून आलेला वाक आणि जन्माचा वाक यातला फरक बाहेरूनच ओळखायचा. पुढे १९११ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. हिब्ज यांनी मणके जोडायचं म्हणजे फ्युजनचं ऑपरेशन केलं ते टीबीसाठी, आणि ह्यूस्टनला डॉ. हॅरिंग्टन यांनी कण्याला आधार देणारे स्टीलचे रॉड तयार केले ते पोलिओच्या मुलांसाठी, तो पेपर १९६२ चा. पोलिओ आपल्याकडेही घरोघरी माहीत होता, नैसर्गिक पोलिओ विषाणूची भारतातली शेवटची केस जानेवारी २०११ ची.

आता मुद्दा असा की पोलिओ किंवा एसएमए, ड्युशेन अशा स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजारांत हाडं मुळात बरोबर असतात, धरून ठेवणारे स्नायू कमजोर पडतात म्हणून कणा कलतो, आणि आमच्यासारख्यांत स्नायू ठीक पण हाडच वेगळं घडलेलं, म्हणून पट्टा लावून ते सहसा सरळ होत नाही. आम्ही वर्षभर पट्टा लावला, काखेत वळ उठायचे, ती रात्री रडायची.

जन्मजात वाकाचं नीट चित्र १९६८ ला मिळालं, विंटर, मो आणि आयलर्स यांनी २३४ पेशंट अभ्यासले. त्याचे मुख्य प्रकार दोन: मणका अर्धवट घडणं एक, शेजारचे मणके सुटे न होणं दुसरं. एका बाजूला मणके चिकटलेले आणि दुसऱ्या बाजूला अर्धा मणका, ही जोडी सगळ्यात झपाट्याने वाढते. तेव्हा लवकर फ्युजन करून टाकायचे, पण एकदम बरेच मणके जोडले की छातीच वाढत नाही आणि फुफ्फुसांना जागा उरत नाही. यावर अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओच्या डॉ. रॉबर्ट कॅम्पबेल यांनी बरगड्यांना बसवून हळूहळू लांबवायचा टायटॅनियमचा रॉड तयार केला, तिथे त्याला २००४ ला मंजुरी मिळाली.

आणि ग्रहणाचं म्हणाल तर २०१५ मध्ये चीनमधल्या जन्मजात वाकाच्या पेशंट्सवर झालेल्या अभ्यासात सुमारे दहापैकी एकात टीबीएक्स६ नावाच्या जीनमध्ये दोष सापडला, त्याची एक प्रत बिघडलेली आणि दुसऱ्या प्रतीत एक बऱ्याच लोकांत असतो तसा साधा बदल, दोन्ही जुळून आले तेव्हाच वाक आला. दोन प्रतींपैकी एक बापाकडची असते. विळीचा संबंध कुठेच नाही.