छत्रीतून वर कोणी बघत नाही

साताऱ्यात डिश, म्हणजे टीव्हीची छत्री, बसवताना ती आग्नेयेला वळवली, की हमखास कानावर येतं : "वरचा उपग्रह आपलं घर बघतो, कोण कुठलं चॅनेल लावतंय तेही त्याला कळतं." वीस वर्षं ऐकतोय.

दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशचाच उपग्रह घ्या. जीसॅट-१५, २०१५ च्या नोव्हेंबरात सुटला, वजन ३,१६४ किलो. विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर. त्यात कॅमेरा नाहीच. आहेत ते केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यातले २४ ट्रान्सपाँडर. त्यांचं काम एवढंच : जमिनीवरून आलेला क्षीण सिग्नल घ्यायचा, फ्रिक्वेन्सी बदलायची, जोर वाढवायचा आणि देशभर खाली सोडायचा. पोस्टमनने पाकीट न फोडता पुढे द्यावं, तसं.

बरं, कॅमेरा असता तरी? तितक्याच उंचीवरून ढग टिपणाऱ्या इन्सॅट-३डीच्या चित्रात एक ठिपका साधारण एक किलोमीटरचा. तुमची गच्ची त्यात शोधून दाखवाच!

आता छत्रीच्या दांड्यावरची ती डबी, एलएनबी. आलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी कमी करून ती केबलमधून खाली पाठवते, बस्स. वर पाठवायला तिच्यात ट्रान्समीटरच नाही. बँकेच्या व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहावरून माहिती घेणाऱ्या-पाठवणाऱ्या छोट्या डिशच्या संचाची, गोष्ट निराळी, तो दोन्हीकडून बोलतो. सेटटॉप बॉक्स वायफायला जोडला असेल तर तुमची आवडनिवड बाहेर जाऊ शकते, पण ती इंटरनेटवरून.

आणि पावसात चित्र तुटतं तेव्हा उपग्रह भिजलेला नसतो. अजिंक्यताऱ्यावर उतरलेल्या त्या सरी अडीच सेंटीमीटरची लहर वाटेतच शोषून घेतात.