वायू मिळाला, पण त्यातला कार्बन कुठला?

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने बॉयलरची धुराडी दिसतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं उन्हाच्या बळावर इंधन करता येतं का? येतं. १९७९ साली जपानमध्ये इनोउए, फुजिशिमा, कोनिशी आणि होंडा यांनी अर्धवाहकाची (सेमीकंडक्टरची) पूड पाण्यात ढवळून, तिच्यावर प्रकाश टाकून या वायूपासून मिथेनॉलसारखी संयुगं मिळवली होती. खरी अडचण आहे ती प्रमाणाची, आणि त्याहूनही जास्त खातरजमेची.

प्रकाश पडला की पुडीतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे रिकामी जागा, म्हणजे ‘होल’ उरतं. इलेक्ट्रॉनने कार्बन डायऑक्साइडला गाठायचं, होलने पाण्यातून ऑक्सिजन काढायचा. पण बहुतेक जोड्या त्याआधीच पुन्हा एकत्र येतात आणि प्रकाशाची नुसती उष्णता होते. जे इलेक्ट्रॉन वाचतात, त्यांतले बरेच पाण्यातून हायड्रोजन काढण्यात खर्च होतात. मिथेनच्या एका रेणूला आठ इलेक्ट्रॉन लागतात, हायड्रोजनच्या रेणूला दोनच.

रंगात वापरतात ती पांढरी टायटॅनियम डायऑक्साइडची पूड फक्त अतिनील किरणांवर चालते, आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून दिसणाऱ्या प्रकाशावरही चालणाऱ्या पिवळ्या कार्बन नायट्राइडकडे अनेकांचा ओढा. झाकणाच्या मुशीत युरिया घेऊन ५५० अंश सेल्सिअसला तापवला की ते तयार होतं. अमोनिया सुटतो, त्यामुळे भट्टी धूरकपाटातच हवी. दहा ग्रॅम युरियातून अर्धा ग्रॅम पूड हाती लागली तरी पुष्कळ.

मग ५० मिलिग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात ढवळायची, हवा निघून जावी म्हणून अर्धा तास कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे, भांडं घट्ट बंद करून झेनॉनचा दिवा लावायचा. भोवती गार पाणी फिरतं ठेवायचं, कारण पाणी तापलं की त्यात वायू कमी विरघळतो. दर तासाला सिरिंजने नमुना काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, तपासायचा.

पडद्यावर मिथेनचं शिखर उमटलं की आनंद होतो, पण इथेच थांबायला हवं. अशा पुडीत तासाला ग्रॅममागे दहा मायक्रोमोल मिथेन मिळालं, तर एक ग्रॅम पूड सहा तासांत जेमतेम एक मिलिग्रॅम वायू देते. एवढा कार्बन पुडीवर राहिलेल्या युरियाच्या अंशातून, भांड्याच्या सांध्यांना लावलेल्या ग्रीसमधून, रबरी बुचातूनही येऊ शकतो. कार्बन नायट्राइडमध्ये तर तो मुळातच आहे.

म्हणून तोच प्रयोग अंधारात करायचा, पुडीशिवाय करायचा, आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन सोडूनही करायचा. आर्गॉनमध्येही मिथेन आलं, तर ते कचऱ्याचं. होलचं काम खरंच होतंय का, हे कळण्यासाठी ऑक्सिजनही मोजायचा. शेवटची कसोटी कार्बन-१३ची: असा जड कार्बन असलेला वायू सोडला, तर रेणूंचं वस्तुमान दाखवणाऱ्या मापकावर मिथेन १६ ऐवजी १७ वर दिसायला हवा आणि सोबत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड २८ ऐवजी २९ वर. २८ वर भुलू नये, कारण बुचातून आत शिरलेल्या हवेतला नायट्रोजनही नेमका तिथेच दिसतो.