एंजल डस्ट

एंजल डस्ट : जर्मनीच्या रूर खोऱ्यातील डॉर्टमुंड शहरातला हेवी मेटल बँड. १९८६ ते २००२ या काळात त्याचे सहा अल्बम निघाले. पहिले दोन थ्रॅश मेटलच्या, म्हणजे अतिवेगवान आणि आघाती मेटलच्या, वळणाचे आहेत. त्यानंतर दहा वर्षांचा खंड पडला आणि १९९८ पासूनचे चार अल्बम सर्वसाधारणपणे पॉवर मेटलमध्ये, म्हणजे पल्लेदार चालींच्या मेटलमध्ये, गणले जातात. थ्रॅशचे गिटारवादन आणि कीबोर्ड यांचा सांधा ज्या मोजक्या जर्मन बँडनी नीट जुळवला, त्यांत याचे स्थान वरचे आहे. हॅम्बुर्गचा हेलोवीन किंवा क्रेफेल्डचा ब्लाइंड गार्डियन यांच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी मात्र त्याला लाभली नाही.

स्थापनेचे वर्ष बहुतेक ठिकाणी १९८४ असे दिलेले आढळते. पहिला डेमो, म्हणजे नमुन्यादाखल केलेले ध्वनिमुद्रण, (‘मार्चिंग फॉर रिव्हेंज’) १९८५ चा असल्याने ते ग्राह्य धरायला हरकत नाही. ‘एंजल डस्ट’ हे फेनसायक्लिडीन या द्रव्याचे नशेबाजांच्या बोलीतले नाव. १९५० च्या दशकात भूल देण्यासाठी ते वापरून पाहिले गेले. शुद्धीवर येताना रुग्णांना होणाऱ्या भ्रमांमुळे माणसांवरचा वापर सोडून द्यावा लागला. नाव घेताना बँडला हा अर्थ अभिप्रेत होता, की ‘देवदूत’ आणि ‘धूळ’ या दोन शब्दांची नुसती जोडी आवडली, यावर मतभेद संभवतात. दुसऱ्या अल्बमच्या नावात (‘टू डस्ट यू विल डिके’) ‘धूळ’ हाच शब्द बायबलच्या उत्पत्ती ग्रंथातील ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ या वचनाची आठवण करून देत परततो. त्यामुळे दुसरी उपपत्ती अधिक संभाव्य वाटते. फेथ नो मोअर या अमेरिकी बँडचा १९९२ चा त्याच नावाचा अल्बम आणि नंतर अमेरिकेत निघालेला त्याच नावाचा हार्डकोर बँड यांच्याशी प्रस्तुत बँडचा संबंध नाही.

रूर खोरे हा कोळसा आणि पोलादाचा मुलूख. १९८० च्या दशकात जर्मन थ्रॅशची जी बांधणी झाली तिचे दोन मोठे खांब याच पट्ट्यातले: एसेनचा क्रिएटर आणि गेल्सनकिर्शनचा सोडोम. सोडोमचा गायक टॉम एंजलरिपर याने तर स्वतः कोळशाच्या खाणीत काम केले होते. डॉर्टमुंडमधली शेवटची कोळसा खाण, मिनिस्टर श्टाइन, १९८७ मध्ये बंद झाली. म्हणजे एंजल डस्टचे पहिले दोन अल्बम शहरातल्या खाणकामाच्या अखेरच्या वर्षांच्या अल्याड-पल्याड येतात. या संगीताचा कर्कशपणा थेट गिरण्या-भट्ट्यांच्या आवाजातून आला असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे मानावे. ड्रेस्डेनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत, जिथे भट्ट्या नव्हत्या तिथेही तरुण पोरे याच वेगाने वाजवत होती. रूरने दिली ती दाटी. एकमेकांना लागून असलेली शहरे, एका गावचा वादक दुसऱ्या गावच्या बँडमध्ये जाऊ शकेल इतके जवळचे अंतर, आणि डॉर्टमुंडमध्येच १९८३ पासून निघणारे ‘रॉक हार्ड’ हे मासिक. एंजल डस्टच्या दुसऱ्या अल्बमचा गायक एस. एल. को पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, गेल्सनकिर्शनच्या स्कॅनर या पॉवर मेटल बँडच्या ‘टर्मिनल अर्थ’ या अल्बमवर गाताना ऐकू येतो, त्यामागे हीच दाटी आहे.

पहिला अल्बम ‘इन्टू द डार्क पास्ट’ (१९८६). क्रिएटरचा ‘प्लेझर टू किल’ आणि डिस्ट्रक्शन या दुसऱ्या जर्मन थ्रॅश बँडचा ‘इटर्नल डेव्हास्टेशन’ हेही त्याच वर्षीचे. त्यांच्या शेजारी ठेवून ऐकले, तर एंजल डस्टचा कल तेव्हाही चालीकडे होता हे जाणवते. गायक रॉमे कायमर स्वर उंच चढवतो, ओरडण्यापेक्षा गाण्याकडे त्याची ओढ आहे, आणि गिटारच्या जोडस्वरांत ब्रिटिश हेवी मेटलचा ठसा स्पष्ट आहे. ‘टू डस्ट यू विल डिके’ (१९८८) मध्ये रचना अधिक गुंतागुंतीच्या झाल्या. त्यानंतर दहा वर्षे बँडचा अल्बम नाही.

१९९८ मध्ये ‘बॉर्डर ऑफ रिॲलिटी’ आला तेव्हा जुन्या संचापैकी दोघेच उरले होते: बास गिटारवादक फ्रँक बँक्स आणि ड्रमवादक डिर्क आस्मुट. गायक डिर्क टुरिश, गिटारवादक बेर्न्ट आउफरमान आणि कीबोर्डवादक स्टीव्हन बँक्स हे नवे. हा तोच बँड मानायचा की जुने नाव घेतलेला वेगळा, हा प्रश्न इथे उभा राहतो आणि कोशकारांनी त्याची उत्तरे वेगवेगळी दिली आहेत. काही सूचींत बँडची नोंद ‘आधी थ्रॅश, नंतर पॉवर मेटल’ अशी दोन कप्प्यांत होते. जुन्या अल्बमांचे संग्राहक १९८८ नंतरचे काम जमेस धरत नाहीत, आणि १९९८ नंतर आलेल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना पहिले दोन अल्बम माहीतही नसतात. गायक व गिटार यांवरून बँडची ओळख ठरवायची असेल, तर दोन बँड म्हणणे भाग आहे. मेटलमध्ये मात्र घराचे जोते बास आणि ड्रमचे असते, भिंती त्यावर उठतात. इथे जोते जुनेच राहिले. आस्मुटचे दुहेरी पायठोके, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रमवर मात्रेला चार आघात, आणि त्यावर मध्येच ठेका निम्म्या लयीत सोडण्याची लकब १९८६ मध्येही आहे आणि १९९९ मध्येही. म्हणून हा एकच बँड आहे आणि त्याने थ्रॅश सोडलेला नाही, तो वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर नेला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

थ्रॅश आणि कीबोर्ड यांचे वैर जुने आहे, आणि ते केवळ अभिरुचीचे नाही. १९८० च्या दशकातल्या थ्रॅशवाल्यांना कीबोर्ड म्हणजे रेडिओवर वाजणाऱ्या गुळगुळीत रॉकची खूण वाटे, हा त्यातला सामाजिक भाग. दुसरा भाग ध्वनिशास्त्राचा आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. मेटलमधली गिटार डिस्टॉर्शनमधून जाते. डिस्टॉर्शन म्हणजे स्वरलहरींची टोके छाटली जाणे. छाटलेल्या लहरीत दोन स्वर एकदम वाजले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा व वजाबाक्यांचे नवे स्वर आपोआप तयार होतात. षड्ज ११० हर्ट्‌झ धरला तर त्याचा पंचम १६५ हर्ट्‌झचा. वजाबाकी ५५, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. गिटारच्या समविभागी (सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणाऱ्या) सुरावटीत पंचम किंचित उतरलेला, १६४.८१ चा असतो, तरी वजाबाकीचा स्वर ५५ पासून फार ढळत नाही. त्यामुळे षड्ज-पंचमाची जोडी डिस्टॉर्शनमध्ये भरदार होते आणि मेटलचे रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे स्वरखंड, मुख्यतः या जोडीवर उभे असतात. ‘पॉवर कॉर्ड’ तो हाच.

गंधार घातला की चित्र पालटते. शुद्ध गंधार ५:४ या प्रमाणात १३७.५ हर्ट्‌झचा हवा, म्हणजे वजाबाकी २७.५, दोन सप्तके खालचा षड्ज. समविभागी गंधार पडतो १३८.५९ वर, वजाबाकी २८.५९. हा स्वर षड्जापासून अर्ध्या स्वराच्या अर्ध्याहून अधिक वर घसरलेला, आणि तो खर्जात घरघरत राहतो. कोमल गंधाराचे तर प्रमाण ६:५ असे अचूक धरले तरी वजाबाकी २२ येते, आणि तो स्वर षड्जाच्या कुठल्याच सप्तकात बसत नाही. म्हणून वेगवान, तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या रिफमध्ये गंधार टाळला जातो. परंतु चाल हसरी आहे की उदास हे पाश्चात्त्य स्वरमेळात ठरते ते गंधारावरूनच. शुद्ध थ्रॅशला त्याची गरज भासत नाही. त्याचा भाव वेग आणि आघात यांतून येतो. पॉवर मेटलला मात्र पल्लेदार ध्रुवपद हवे असते आणि गंधाराशिवाय ते कोरडे पडते.

ही जागा एंजल डस्टमध्ये कीबोर्ड भरून काढतो. त्याचा आवाज गिटारच्या डिस्टॉर्शनमधून जात नसल्याने स्वरांची ती घुसळण होत नाही: गिटार षड्ज-पंचम ठोकत राहते आणि गंधार वरून, स्वच्छ, वेगळ्या वाटेने येतो. स्टीव्हन बँक्सच्या वादनात एकल चमत्कृती कमी आहे. तंबोऱ्याच्या आसेसारखे धरून ठेवलेले तंतुवाद्यांचे आणि समूहस्वरांचे थर, सुरुवातीला किंवा मध्ये पियानोच्या चार ओळी, एवढाच पुष्कळदा त्याचा वाटा असतो. फरक इतकाच की तंबोरा जागचा हलत नाही आणि हे थर रिफच्या पायाबरोबर सरकतात. कीबोर्डमुळे संगीत मवाळ झाले असा आक्षेप घेतला जातो. ‘ब्लीड’ हा १९९९ चा अल्बम ऐकताना नेमका उलटा अनुभव येतो. वरच्या थरांनी भावाची जबाबदारी उचलल्यावर आउफरमानच्या गिटारला गोड वाजण्याची सक्ती राहत नाही. ती निःशंकपणे जड, तुटक आणि कठोर होऊ शकते.

जर्मन पॉवर मेटलमध्ये कीबोर्ड नवा नव्हता. हेलोवीनने १९८७-८८ च्या अल्बममध्ये तो बेताने वापरला होता आणि रूरमधल्याच हेर्न गावच्या रेज या बँडने १९९६ मध्ये संपूर्ण वाद्यवृंद सोबत घेतला. फिनलंडमध्ये स्ट्रॅटोव्हेरियस या बँडने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून गिटार आणि कीबोर्ड यांची द्रुत जुगलबंदी रूढ केली. एंजल डस्टचा मार्ग या तिन्हींहून निराळा होता. त्याचे मूळ काहीसे मागे, १९७० च्या दशकातल्या हार्ड रॉकमध्ये शोधावे लागते आणि तसा पुरावाही बँडने स्वतः ठेवला आहे: ‘बॉर्डर ऑफ रिॲलिटी’वर रेनबो या ब्रिटिश बँडचे ‘स्पॉटलाइट किड’ आहे. मूळ गाणे १९८१ चे आणि त्यात गिटार व कीबोर्ड बरोबरीच्या नात्याने बोलतात. पुनरागमनाच्या अल्बमवर, नव्या कीबोर्डवादकासह, हेच गाणे निवडणे योगायोग वाटत नाही.

‘ब्लीड’ (१९९९) हा उत्तरार्धातल्या चार अल्बमांत सर्वांत सलग. टुरिशचा आवाज मध्यसप्तकात भक्कम, कडेला खरखरीत. पॉवर मेटलच्या गायकाकडून तारसप्तकातल्या किंकाळ्यांची जी अपेक्षा असते ती तो क्वचितच पुरी करतो. शब्दांतही तलवारी, राक्षस आणि किल्ले जवळजवळ नाहीत. अपराधभाव, श्रद्धाभंग, व्यसन, एकटेपणा हे विषय आहेत. ‘फॉलो मी’ हे दोन भागांत विभागलेले गाणे बँडची पद्धत समजण्यास सर्वांत उपयोगी पडेल. ‘एन्लायटन द डार्कनेस’ (२०००) मध्ये ध्रुवपदे अधिक मोकळी झाली आणि पुष्कळ श्रोते त्याला वरचढ मानतात. चालींच्या बाबतीत ते खरे असले तरी रिफ आणि कीबोर्ड यांचा तोल ‘ब्लीड’मध्ये जास्त साधला आहे. यानंतर आउफरमान बाहेर पडला. रिची विल्किसन या गिटारवादकासह निघालेला ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’ (२००२) पोताने अधिक आधुनिक आणि काहीसा रुक्ष आहे.

१९९८ पासूनचे चारही अल्बम सेंच्युरी मीडिया या कंपनीने काढले. १९८८ मध्ये रॉबर्ट काम्फ याने डॉर्टमुंडमध्येच सुरू केलेली ही कंपनी. तो स्वतः डिस्पेअर या थ्रॅश बँडचा गायक होता. फ्लोरिडाचा आइस्ड अर्थ आणि सिॲटलचा नेव्हरमोर हे दोन अमेरिकी बँड याच कंपनीकडे होते, आणि वर्गीकरणाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे ठरते. ‘पॉवर मेटल’ ही संज्ञा अमेरिकेत आणि युरोपात एकाच अर्थाने वापरली गेलेली नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात ती मेटल चर्च किंवा व्हिशियस रूमर्ससारख्या, रिफवर भर असलेल्या, थ्रॅशच्या वेशीवरच्या बँडना लागू पडे. युरोपात हेलोवीननंतर तिला द्रुत, उजळ, समूहस्वरांनी भरलेल्या संगीताचा अर्थ आला. एंजल डस्टचे उत्तरार्धातले काम युरोपीय व्याख्येत अडखळते आणि अमेरिकी व्याख्येत जवळजवळ चपखल बसते. गिटारच्या घट्ट, यंत्रवत अचूक ठोक्यांत आइस्ड अर्थशी आणि शब्दांच्या काळोखात नेव्हरमोरशी त्याचे नाते दिसते. यांपैकी कोणी कोणाचे घेतले हे ठरवण्यात फारसा अर्थ नाही, कारण तिघांच्याही मुळाशी १९८० च्या दशकातला एकच सामाईक साठा आहे. बँड अल्पख्यात राहण्याचे एक कारण बहुधा यातच सापडेल. १९९७-९८ नंतर इटली, स्वीडन, फिनलंड येथून उजळ वळणाच्या पॉवर मेटलची मोठी लाट आली आणि त्या लाटेच्या श्रोत्यांना हा बँड फार जड वाटला. थ्रॅशच्या श्रोत्यांना कीबोर्ड खुपले.

‘ऑफ ह्यूमन बाँडेज’नंतर टुरिशने मर्क्युरी टाइड हा स्वतःचा बँड उभारला. त्याचा पहिला अल्बम २००३ मध्ये आला. त्यात चाली आणि गायन पुढे आहेत, थ्रॅशचा अंश मागे पडला आहे.