लेव्ही वेगळी, बाँड वेगळा: वॉशिंग्टन राज्यातल्या शाळा मतदारांकडे नेमकं काय मागतात

एका फेब्रुवारीत बाबा आमच्याकडे सिअ‍ॅटलजवळ राहायला आले होते. सकाळचा फेरफटका मारून आले आणि बूट काढता काढताच विचारलं, "अगं, इथे अजून लेव्ही चालू आहे की काय?" चौकाचौकात गवतात खोचलेल्या पाट्या त्यांनी वाचल्या होत्या: शाळेच्या लेव्हीला 'हो' म्हणा. त्यांच्या डोक्यातली लेव्ही सत्तरच्या दशकातली, ज्वारीची. किती जमीन त्यावर किती पोती, भाव सरकारचा, आणि नाही म्हणायची सोय नाही. 'बाँड' म्हटल्यावर तर त्यांना थेट पुतणी आठवली. एमबीबीएसनंतर खेड्यात नोकरी केली नाहीस तर इतके लाख भर, असा बाँड तिने लिहून दिला होता.

बाबांचं सोडा. दहा-दहा वर्षं रेडमंड-बेलव्ह्यूत राहिलेल्या आमच्या मराठी मंडळींचाही इथे गोंधळ होतो. "मागच्या वर्षी तर पैसे दिले होते शाळेला, परत काय?" किंवा "शिक्षक कमी करतायत आणि नवी इमारत बांधतायत, ह्यांना काही लाज?" हे दोन प्रश्न मी इतक्यांदा ऐकलेत की शेवटी बसून लिहायचं ठरवलं. कारण दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे: लेव्ही आणि बाँड एकाच खिशात जातात असं समजणं.

हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. वॉचमनचा पगार, पाण्याचं बिल, झाडलोट यासाठी दर महिन्याला मेंटेनन्स भरतो, ती लेव्ही; इथे ती मालमत्ता करातून जाते. लिफ्ट बदलायची किंवा इमारतच नव्याने उभी करायची म्हणून सोसायटी मोठं कर्ज काढते आणि पुढची वीस वर्षं सगळे मिळून हप्ते फेडतात, तो बाँड. लिफ्टच्या कर्जातून वॉचमनला दिवाळी देता येत नाही. तसंच बाँडच्या पैशातून शिक्षकाचा पगार देता येत नाही. कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे एकाच वर्षी एका शाळेत नवी कोरी इमारत आणि दुसऱ्या शाळेत कमी झालेले शिक्षक, हे दृश्य कितीही खुपलं तरी त्यात लबाडी नाही.

इथे 'बाँड म्हणजे बांधकाम, लेव्ही म्हणजे शिक्षण' अशा अर्थाचं एक वाक्य सर्रास ऐकू येतं. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण पाऊणच खरं. लेव्हीचाही एक प्रकार इमारतींसाठी असतो, कॅपिटल लेव्ही. सोसायटीच्या भाषेत सिंकिंग फंड: कर्ज न काढता वर्गणी गोळा करून दुरुस्ती करायची. रोजच्या खर्चाची लेव्ही जास्तीत जास्त चार वर्षांसाठी मंजूर होते, कॅपिटल लेव्ही सहा वर्षांपर्यंत. "मागच्या वर्षी तर दिले होते" याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. मुदत संपली की तीच लेव्ही पुन्हा मतदानाला येते. गोंधळ वाढवायला आणखी एक गोष्ट: बाँडच्या मतपत्रिकेवरही 'लेव्ही' हा शब्द छापलेला असतो, कारण कर्ज फेडायला मालमत्ता कर लावावाच लागतो. मतपत्रिका हातात आली की 'बाँड' हा शब्द शोधा. तो असेल तर ते कर्ज आहे, बाकी काहीही लिहिलेलं असो.

आता मूळ प्रश्न. शाळा सरकारी, मग पैसे लोकांकडे का मागायचे? महाराष्ट्रात अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो. वेतनेतर अनुदान वेळेवर येतं की नाही यावर संस्थाचालक रडतात, पण गावकऱ्यांचं मत कोणी घेत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या घटनेत तर नववं कलमच सांगतं की राज्यातल्या सगळ्या मुलांच्या शिक्षणाची भरपूर तरतूद करणं हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य आहे. या वाक्यावरून मॅक्लिअरी नावाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०१२ रोजी निकाल दिला की राज्य हे कर्तव्य पाळत नाही, मूलभूत शिक्षणाचा भार स्थानिक लेव्हींवर ढकलतं. विधिमंडळ हललं नाही तेव्हा २०१४ मध्ये न्यायालयाने राज्याला अवमानाबद्दल दोषी धरलं आणि ऑगस्ट २०१५ पासून रोज एक लाख डॉलर दंड ठोठावला. शेवटी २०१७ मध्ये कायदा झाला, राज्याचा मालमत्ता कर वाढला, स्थानिक लेव्हीवर कडक मर्यादा आली, आणि २०१८ मध्ये खटला बंद झाला.

तेव्हापासून कागदोपत्री स्थानिक लेव्ही ही फक्त 'समृद्धी'साठी आहे. इंग्रजीत तिला एन्रिचमेंट लेव्हीच म्हणतात. मूलभूत ते राज्य देणार, वरचं तुम्ही द्या. ऐकायला हे संगीताच्या तासासारखं वाटतं. प्रत्यक्षात काय ते एका आकड्यात दाखवते. राज्य पैसे देतं ते एका नमुना शाळेच्या हिशेबाने: इतक्या मुलांमागे इतके शिक्षक, इतके ग्रंथपाल. त्या हिशेबात ४०० मुलांच्या प्राथमिक शाळेला अनेक वर्षं ०.०७६ नर्स मंजूर होती. आठवड्याचे चाळीस तास धरा आणि गुणाकार करा: तीन तास. मधुमेह असलेल्या मुलाने इन्सुलिन नेमकं त्या तीन तासांत घ्यायचं काय? २०२२ च्या कायद्याने नर्स आणि समुपदेशकांचं हे प्रमाण बरंच वाढवलं. पण त्याआधी नर्स जास्त वेळ शाळेत दिसत होती ती बहुतेक ठिकाणी लेव्हीच्या जोरावर. विशेष गरजा असलेल्या मुलांचंही असंच. एकूण मुलांपैकी ठरावीक टक्क्यांपर्यंतच राज्य त्यांच्यासाठीचा जादा निधी मोजायचं. ही कमाल मर्यादा हळूहळू वाढत गेली आणि २०२५ मध्ये काढून टाकली. तोवर मर्यादेच्या वरची मुलं काही शाळेबाहेर काढता येत नव्हती, खर्च लेव्हीतून जायचा. याला समृद्धी म्हणणं म्हणजे भाकरीला पक्वान्न म्हणणं.

म्हणून लेव्ही मतदानात पडली की शाळेचं कंबरडं मोडतं. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला मेरीसव्हिल डिस्ट्रिक्टची (डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे जिल्हा नव्हे, एका शाळा मंडळाच्या हाताखालचा भाग) लेव्ही २०२२ मध्ये फेब्रुवारीत पडली, एप्रिलमध्ये पुन्हा पडली. एका वर्षात दोनदाच मागता येते. पुढच्या वर्षी मंजूर झाली खरी, पण या वर्षी मंजूर झालेल्या लेव्हीचा कर गोळा होतो पुढच्या वर्षापासून. मधल्या खड्ड्यात डिस्ट्रिक्ट इतकं अडकलं की राज्याला त्याच्या हिशेबांवर देखरेख बसवावी लागली.

पण दोघांतला खरा फरक, माझ्या मते, पैसा कुठे जातो हा नाहीच. किती जणांनी 'नाही' म्हटलं की तो अडतो, हा आहे.

लेव्हीला साधं बहुमत पुरतं, म्हणजे निम्म्याहून एक मत जास्त. बाँडला लागतात ६० टक्के. शिवाय मागच्या सार्वत्रिक निवडणुकीत जितकी मतं पडली त्याच्या ४० टक्के तरी लोकांनी मतदान केलेलं हवं. पूर्वी लेव्हीलाही ६० टक्केच लागायचे. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये घटनादुरुस्तीने ती अट गेली. त्या दुरुस्तीला स्वतःला पन्नास टक्क्यांच्या जेमतेम वर मतं मिळाली होती. ६० ची अट तिला लावली असती तर ती पडलीच असती!

रेडमंड, कर्कलंड आणि समामिशचा काही भाग ज्यात येतो त्या लेक वॉशिंग्टन डिस्ट्रिक्टकडे बघा. मायक्रोसॉफ्टच्या दारातलं डिस्ट्रिक्ट, मुलं सुमारे तीस हजार, आणि शाळा भरून वाहणाऱ्या. २०१४ मध्ये बाँड दोनदा मांडला, दोन्ही वेळा निम्म्याहून जास्त लोक 'हो' म्हणाले, दोन्ही वेळा पडला. २०१६ मध्ये ३९.८ कोटी डॉलरचा बाँड मंजूर झाला. २०१८ मध्ये २९.९ कोटींचा मांडला, सुमारे ५४ टक्के 'हो', पडला. मग डिस्ट्रिक्टने वाट बदलली. २०१९ मध्ये १२ कोटींची कॅपिटल लेव्ही मांडली आणि ती मंजूर झाली. मतदार तेच, शाळा त्याच, फक्त दार वेगळं. २०२२ मध्येही बांधकामासाठी लेव्हीच मागितली, तीही मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा बाँडची हिंमत केली, सुमारे ६८ कोटींची, आणि पुन्हा निम्म्याहून जास्त मतं मिळवून हरले.

मग सरळ लेव्हीनेच बांधा की! करतात तसं, पण त्यात गोम आहे. सहा वर्षांत सगळी रक्कम गोळा करायची तर दरवर्षीचा बोजा जड होतो, म्हणून मागणी लहान ठेवावी लागते. १२ कोटींत खोल्या वाढवता येतात, जुनी हायस्कुलं पाडून नवी बांधता येत नाहीत. व्याज वाचतं हे खरं. पण पन्नास वर्षं टिकणाऱ्या इमारतीचे पैसे फक्त पहिल्या सहा वर्षांतल्या घरमालकांनी भरायचे, आणि सातव्या वर्षी राहायला येणाऱ्याने फुकट वापरायची.

शिवाय ही पळवाट श्रीमंत भागाला परवडते. कोलंबिया नदीकाठच्या वाकायकम या छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास मुलं. तिथल्या मतदारांनी बाँड नाकारला, तेव्हा डिस्ट्रिक्टने राज्यावरच खटला भरला: इमारतीशिवाय शिक्षण कसलं, सर्वोच्च कर्तव्यात छप्पर येत नाही का? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की येत नाही. बांधकाम ही राज्य आणि स्थानिकांची वाटून घेतलेली जबाबदारी आहे. मॅक्लिअरीने शिक्षक राज्याच्या पदरात टाकले, वाकायकमने छप्पर गावाच्या डोक्यावर ठेवलं. बांधकामासाठी राज्याची मदत आहे, पण ती मिळायला बहुतेक वेळा आधी गावाने आपला वाटा उभा करावा लागतो.

म्हणूनच डिस्ट्रिक्टांची शाळा मंडळं दर हिवाळ्यात ऑलिंपियाला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, ज्या मागण्यांची यादी धाडतात तिच्यात एक ओळ वर्षानुवर्षं हटत नाही: बाँडची ६० टक्क्यांची अट काढा. बाकीच्या ओळी बदलतात. बस वाहतुकीचा पूर्ण खर्च द्या, वीज-विमा-साहित्य महागलं त्याप्रमाणे निधी वाढवा, विशेष शिक्षणाचे पैसे द्या. त्यांतल्या काही थोड्याफार मान्यही होतात, कारण तो नुसता अंदाजपत्रकाचा प्रश्न असतो. ६० टक्के मात्र घटनेत लिहिलेले आहेत. ते बदलायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत. त्यानंतर मतदारांचं साधं बहुमत पुरतं. अडतं ते पहिल्याच पायरीवर.

वीस वर्षांचं कर्ज काढताना थोडी जास्त सहमती हवी, हे मला पटतं. पण ६० हा आकडा जास्त आहे. कॅलिफोर्नियाने २००० साली शाळांच्या बाँडची अट दोन-तृतीयांशावरून ५५ टक्क्यांवर आणली, सोबत हिशेबतपासणीची अटही घातली. फ्रीमॉन्ट-क्युपर्टिनोच्या वाचकांनी मात्र हा लेख तिकडे जसाच्या तसा लावू नये. तिकडे उलटं आहे: बाँडला ५५ पुरतात, आणि शिक्षकांच्या पगारालाही चालणारा जो पार्सल टॅक्स (दर मिळकतीमागे लागणारा कर) असतो, त्याला एरवी दोन-तृतीयांश लागतात.

घराच्या बिलाबद्दलही एक गैरसमज खोडून टाकते. "घराची किंमत दुप्पट झाली, म्हणजे शाळेला दुप्पट मिळत असणार." नाही. इथे मतदार मंजूर करतात ती रक्कम, दर नव्हे. समजा डिस्ट्रिक्टने वर्षाला १० कोटी डॉलर मागितले आणि हद्दीतल्या सगळ्या मालमत्तांची किंमत १०,००० कोटी आहे. दर झाला हजारी एक डॉलर. दहा लाखांच्या घराला हजार डॉलर. उद्या सगळ्यांच्याच किमती दुप्पट झाल्या तर दर निम्मा होतो, तुमचे हजार डॉलर हजारच राहतात आणि शाळेला दहा कोटीच मिळतात. तुमचंच घर शेजाऱ्यांपेक्षा जास्त महागलं, तरच तुमचा वाटा वाढतो.

हे सगळं बाबांना जेवणाच्या टेबलावर, मालमत्ता कराचं बिल पुढे ठेवून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून आमच्या नावावरचा आकडा वाचला. मग मतपत्रिका कुठे आहे ते विचारलं. इथे ती टपालाने घरी येते हे त्यांनी ऐकलं होतं. म्हटलं, आम्हाला नाही येत. आमचं ग्रीन कार्ड व्हायचंय, मत फक्त नागरिकांना. पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या तरुण मुलाला आली, त्याला मालमत्ता कराचं बिल येत नाही आणि अजून मूलही नाही.

"मग त्याला समजावून सांग की," बाबा म्हणाले. रविवारी खालच्या पार्किंगमध्ये तो भेटला. मतपत्रिका उघडली नव्हती अजून. म्हणाला, "ते शाळेचं कर्ज ना? माझा विचार 'नाही' म्हणायचा आहे." ती लेव्ही होती.