ओला कचरा जिरवणे (पुणे)

स्वयंपाकघरात आणि बागेत निघणारा कुजणारा कचरा घराच्या किंवा सोसायटीच्या आवारातच खत वा गॅस करून संपवण्याची पद्धत. पुण्याचा मिश्र कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची–फुरसुंगीच्या डेपोवर पडत राहिला. अशा ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे मिथेन तयार होतो आणि काळे पाणी झिरपून भूजल नासते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. २०१६च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण सक्तीचे केले. गांडूळखत, सौरऊर्जा व पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असल्यास महापालिका मिळकतकरात ५ टक्के, दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते.

घरगुती पद्धतीत ६० लिटरचे दोन ड्रम पुरतात. चारही बाजूंनी ८–१० मिमीची भोके पाडून ड्रम विटांवर ठेवावा आणि तळाशी वीतभर सुका पालापाचोळा घालावा. मग रोजचा कचरा बारीक चिरून टाकावा, त्यावर तेवढाच किंवा दीडपट पाला चुरून पसरावा. पहिल्या थरांत मूठभर तयार खत किंवा आंबट ताक शिंपडले की विरजण लागते. विकतचे कल्चर (जिवाणूंचे विरजण) घेतलेच पाहिजे असे नाही. आठवड्यातून दोनदा काठीने तळापर्यंत हलवावे. ड्रम भरला की दुसरा सुरू करावा, पहिला दीड-दोन महिने मुरू द्यावा.

बिघाड बहुतेक वेळा पाला कमी पडल्यामुळेच होतो. कर्ब-नत्र गुणोत्तर (नायट्रोजनच्या किती पट कार्बन) २५ ते ३० असावे लागते. भाजीच्या कचऱ्यात ते कमी, सुक्या पानांत बरेच जास्त असते. शिवाय पानांमुळे ढिगात हवा खेळती राहते. कुजकट आंबट वास आला तर ओल जास्त झाली आहे: पाला घालून ढवळावे. अमोनियाचा उग्र दर्प म्हणजे नत्र जास्त, उपाय तोच. मुंग्या आल्या तर ढीग कोरडा पडला आहे. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघेल इतपतच ओल हवी. चिलटे झाली तर वरचा थर जाड करावा. जाड करड्या-तपकिरी अळ्या पाहून लोक ड्रम रिकामा करतात, ते उगाच; त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने फस्त करतात.

पाल्याची टंचाई पुण्यात असायला नको. वसंतात पर्जन्यवृक्ष आणि पिंपळ रस्ते झाकून टाकतात, तरी तो पाला कोपऱ्यात पेटवला जातो आणि त्याच सोसायटीत भुसा विकत आणला जातो! पावसाळ्यापूर्वी पोत्यांत भरून कोरड्या जागी साठवलेला पाला पुढे वर्षभर कामी येतो. गणेशोत्सवातले निर्माल्यही चालते. दोरे, तारा आणि थर्माकोल आधी वेगळे काढावे.

गांडुळे (बहुधा आयसेनिया फेटिडा जातीची) सोडायची तर कचरा आधी १५–२० दिवस अर्धवट कुजवावा. ताज्या ढिगाचे तापमान ५० अंशांवर जाते, गांडुळांना ३५च्या पुढे सोसत नाही. लिंबाच्या साली, लोणचे आणि खारट खरकटे त्यांना देऊ नये.

उरलेला भात, पोळ्या, पीठ यांसाठी बायोगॅस सोयीचा. पुण्याच्या 'आरती' संस्थेने पाण्याच्या दोन टाक्या एकमेकींत बसवून छोटे संयंत्र प्रचारात आणले. शेणाच्या रबडीने सुरुवात करून गॅस जळू लागेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबावे, नंतर वाटलेले खरकटे हळूहळू वाढवावे. एकदम जास्त घातले की आम्लता वाढते, मिथेन करणारे जिवाणू थंडावतात आणि गॅस पेटेनासा होतो. अशा वेळी भरणा चार-पाच दिवस बंद ठेवावा. कोयी, करवंट्या, हाडे आत जाऊ देऊ नयेत. थंडीत गॅस कमी मिळतो. बाहेर पडणारी रबडी पाण्यात पातळ करून झाडांना घालतात.

तयार खत काळपट, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. चाळून कुंडीत एक भाग खत, तीन भाग माती घ्यावी. चाळणीत उरलेले जाड तुकडे पुढच्या ड्रमच्या तळाला जातात.