तो की ती, गेलो की गेले : मराठी कथेतल्या समलिंगी पात्रामागचा इतिहास

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली सुमित्रा मुलीवर प्रेम करते; पण तिची गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू, आणि शेवटी ती जीव देते. त्या काळात ते धाडसच होतं. आज तोच शेवट लिहिला की आळस वाटतो.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत (२००६) तनय स्वतः बोलतो, तेही सोडून गेलेल्या प्रियकराला उद्देशून. पात्र ‘मी’ म्हणू लागलं की मराठी व्याकरण आडवं येतं. ‘तू आलास’ म्हटलं की समोर पुरुष आहे हे उघड झालंच. लपवायचं असेल तर ‘तू पाहिलंस’, ‘तू येशील’, ‘तुम्ही आलात’ या रूपांतून लिंग कळत नाही. मात्र दोन पानं असं लिहिलं की वाक्यं आखडतात आणि एखादं ‘थांबलास’ निसटतंच.

पारलिंगी, म्हणजे जन्मताना नोंदवलेलं लिंग आपलं न मानणाऱ्या, पात्राच्या बाबतीत हा पेच जवळजवळ प्रत्येक संवादात. आईसमोर ‘मी निघतो’, मैत्रिणींत ‘मी निघते’ अशी अदलाबदल स्वाभाविक आहे. पात्र कुणासमोर किती मोकळं आहे हे त्यातूनच कळतं. निवेदकाने मात्र एकच रूप धरावं, नाहीतर लेखकालाच पात्राची खात्री नाही असं वाटतं. (आणि प्रत्येक पारलिंगी स्त्री हिजडा समाजातली नसते. ते घराणं, गुरू-चेला हे वेगळं जग आहे.)

सर्वांत जास्त चुका होतात त्या कायद्याच्या तारखांत. समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणारं १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांपुरतं बाजूला ठेवलं, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी परत आणलं आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संबंधांना त्यातून कायमचं वगळलं. म्हणजे २०१२ मधलं निर्धास्त जोडपं २०१४ मध्ये पुन्हा गुन्हेगार ठरतं. दोन मुलींवर पोलीस ३७७ लावतात हा प्रसंगही सहसा पटत नाही, कारण त्या कलमात शरीरप्रवेशाची अट होती. मुली पळाल्या की घरचे अपहरणाची किंवा बेपत्ता झाल्याची तक्रार देत. समलिंगी जोडप्याच्या विवाहनोंदणीचा प्रसंग तर भारतात आजही घडू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याची मागणी नाकारली.