२१ दिवसांत सवय लागते?

रंकाळ्यावर फिरणाऱ्यांपासून कोल्हापूरच्या अभ्यासिकांपर्यंत सगळे सांगतात : पहाटे उठून महत्त्वाचं काम २१ दिवस करा, सवय लागलीच. हे खरं नाही. अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं ते रुग्णांना स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय होण्याबद्दल, आणि तेही ‘किमान’ २१ दिवस. हा ‘किमान’ वाटेतच गळला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २००९ च्या अभ्यासात सवय पक्की व्हायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं; माणसागणिक १८ ते २५४. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तेव्हा पोरांनो, बाविसाव्या दिवशी अंथरूण सुटलं नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवू नका. वस्तादही तीन आठवड्यांत कुणाला पैलवान म्हणत नाही! त्या अभ्यासात प्रत्येकानं नवं काम रोजच्या एका ठरलेल्या गोष्टीला जोडलं होतं, जसं की नाश्ता. तुम्ही चहाला जोडा : कप ठेवला की फोन न बघता सगळ्यात अवघड विषय उघडायचा.